किती राहिलं?

हिमाचलात बातलपासून ग्रांफूपर्यंत रस्ता शोधत जावं लागतं. चंद्रा नदीच्या कडेला दगड पसरलेले असतात, गोल, काही नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे. आधी गेलेल्या गाड्यांची चाकोरी त्यांत दिसली तर तोच रस्ता. मधेच वरच्या बर्फाचं पाणी आडवं वाहत असतं आणि पाण्याखालचे दगड दिसत नाहीत. स्पितीहून परतताना मी मोटारसायकलवरून हा पट्टा पार केला आणि कोकसरला चहाला थांबलो. ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. पुढचं चाक एखाद्या धारदार दगडावर चढलं की धक्का सरळ हँडलमधून हाडात शिरायचा. जणू मधे शॉकअप नावाची वस्तूच नव्हती.

महिनाभराने साताऱ्याला घरी आलो आणि महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरत होतो. तिथे नेमकं उलटं. वळणाआधी पुढचा ब्रेक लावला की गाडी नाक टेकवायची. हँडल खाली, डोकं पुढे, आणि ब्रेक सोडला की उसळी मारून वर. वळणात शिरताना पुढचं चाक कुठे आहे ते कळेना. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला: एकच शॉकअप दगडावर लोखंडासारखा कडक आणि ब्रेकवर गादीसारखा मऊ, दोन्ही कसा असू शकतो?

या प्रश्नाने माझं एक वर्ष घेतलं. त्याचं उत्तर शोधताना मी माझी मोटारसायकल पहिल्यांदा नीट ओळखली, आणि थोडं माझ्या वडिलांनाही.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, ४११ सीसीची, २०१८ची. पुढे २१ इंची चाक. ४१ मिलिमीटर जाडीच्या दोन नळ्या, चाकाला वर-खाली व्हायला २०० मिलिमीटर जागा, आणि बाहेरून फिरवायला एकही स्क्रू नाही. मला हा साधेपणा आवडतो. स्पितीतल्या काझाच्या अलीकडे कुठे काही बिघडलं तर गावातला ट्रॅक्टरवालाही ती उघडू शकेल. सगळ्या वजनांच्या माणसांसाठी एकच स्प्रिंग घालायची तर मधला आकडा धरावाच लागतो, त्यात बनवणाऱ्याची चूक नाही. मी मात्र त्या मधल्या आकड्यापासून बराच लांब गेलो होतो. माझं वजन ८६ किलो. अंगावर जॅकेट, बूट, गार्ड. गाडीला लोखंडी क्रॅश गार्ड, इंजिनाखाली जाड पत्रा, टाकीच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलचे कॅन. यातला निम्मा भार पुढच्या चाकावरच येतो. शिवाय ३१ हजार किलोमीटर झाले तरी शॉकअपमधलं तेल मी एकदाही बदललं नव्हतं. इंजिन ऑइल मी वेळेच्या आधी बदलतो, चेनला दर आठवड्याला तेल घालतो. शॉकअपमध्येही तेल असतं आणि तेही मरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

पहिला उपाय चुकला. एका गॅरेजात मी फक्त “गाडी फार बसते” एवढंच सांगितलं. त्यांनी न विचारता जाड तेल भरून दिलं. घाटात नाक टेकवणं थोडं कमी झालं, पण कासच्या पुढे बामणोलीकडे उतरताना खड्ड्यांनी मनगटं पूर्वीपेक्षा जास्त दुखली. एक रोग दाबला, दुसरा वाढला. तेव्हा लक्षात आलं की आत काय चालतं ते समजून घेतल्याशिवाय इथे हात घालण्यात अर्थ नाही.

आत जे चालतं ते मला सुंदर वाटतं, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. शॉकअपच्या नळीत दोन कामं दोन वेगळ्या वस्तू करतात. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. पण स्प्रिंग एकटी असेल तर दाबलं की सुटते, सुटली की पुन्हा दबते, झोके घेतच राहते. ते झोके मोडायचं काम तेलाचं. चाक वर आलं की तेल एका दांड्याच्या बारीक भोकांतून ढकललं जातं, आणि त्या वाटेत धक्क्याची ताकद उष्णता होऊन जिरते. अडचण त्या भोकांचीच. भोकातून तेल जाताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. ज्याने विहिरीत सूर मारलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पायऱ्यांवरून पाण्यात उतरलात तर पाणी वाट देतं. सूर चुकून पोटावर पडलात तर तेच पाणी फरशीसारखं लागतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर यातच होतं. ब्रेक लावल्यावर शॉकअप दबतो तो सावकाश. तेल भोकांतून आरामात निघून जातं, विरोध जवळजवळ नाही, गाडी बसते. दगडावर चाक आदळतं ते क्षणात. तेलाला त्या भोकांतून जायला सवडच नसते, शॉकअप गोठतो आणि धक्का हातात येतो. साध्या दांड्याच्या शॉकअपचा हा स्वभाव आहे. जाड तेल घातलं की पहिलं थोडं सुधारतं आणि दुसरं बिघडतं, पातळ घातलं की उलट. नुसत्या तेलाने हा गुंता सुटत नाही.

आणखी एक गोष्ट कळली. ब्रेक लावल्यावर वजन पुढे येतं ते यायचंच. गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांतलं अंतर आणि ब्रेक किती जोराचा यावर ते ठरतं. उत्तमातला उत्तम शॉकअपही ते थांबवू शकत नाही. तो फक्त ते किती सावकाश आणि किती समजून-उमजून पुढे येईल हे ठरवतो. टायरला पकड घ्यायला तेवढा वेळ मिळाला की पुरतं.

इथे अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. सातारा–महाबळेश्वर–पोलादपूर–महाड ही त्यांची रोजची वाट. आंबेनळी घाट त्यांना वळणावळणाने पाठ आहे. जुलै २०२१च्या पावसात तो घाट ठिकठिकाणी खचला, तेव्हा ते टीव्हीसमोर बसून कुठला दगड कुठे पडला असेल ते सांगत होते. माझ्या मोटारसायकलीत मात्र त्यांनी कधी रस घेतला नव्हता. “दोन चाकांवर काय भरवसा” एवढंच बोलणं. मी त्यांच्याकडे गेलो ते गरजेपोटी. मला एक माप घ्यायचं होतं आणि त्याला तीन माणसं लागतात.

त्या मापाला सॅग म्हणतात. गाडीवर माणूस आणि सामान चढलं की शॉकअप जागच्या जागी किती दबतो, ते. आधी पुढचं चाक अधांतरी करून नळी पूर्ण उघडी असताना लांबी मोजायची. मग माणसाने बूट-जॅकेटसह, नेहमीच्या सामानासह गाडीवर बसायचं, एकाने मागून गाडी सरळ धरायची आणि एकाने मोजायचं. एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला असलेल्या जागेच्या, साधारण तीस टक्के सॅग असावा, असं या विषयातले लोक धरतात. म्हणजे माझ्या गाडीला साठ मिलिमीटरच्या आसपास. चाकाला खड्ड्यात खाली उतरायलाही जागा हवी. त्याला नुसतं वर येता आलं आणि खाली जाता आलं नाही, तर खड्ड्यावरून टायर हवेत जातो.

मी गाडीवर बसलो. बायकोने मागचा कॅरिअर धरला. अण्णा आईच्या शिलाई मशिनची टेप घेऊन पुढे उकिडवे बसले.

“चौऱ्याऐंशी,” ते म्हणाले.

“परत बघा अण्णा. गाडी दाबून हळू सोडतो, मग मोजा. मग उचलून सोडतो, मग मोजा. तेल अडवणाऱ्या रबरी सीलचं घर्षण असतं, दोन्हींची सरासरी धरायची.”

त्यांनी सहा वेळा मोजलं. प्रत्येक आकडा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिला. सरासरी चौऱ्याऐंशीच आली. दोनशेतले चौऱ्याऐंशी, म्हणजे बेचाळीस टक्के. गाडी उभी असतानाच जवळजवळ निम्मी जागा संपलेली होती. घाटात ब्रेक लावायचा तो उरलेल्या जागेत.

अण्णांनी चष्मा काढला. “स्प्रिंग बसलीय तुझी,” ते म्हणाले. “आमच्या गाडीचे कमानपाटे असेच बसायचे. महाडच्या बाजाराच्या दिवशी मागची पाच माणसं चढली की गाडी लंगडायची.”

मी त्यांना प्रीलोड समजावायला लागलो. स्प्रिंगच्या वर एक लोखंडी नळकांडं असतं. ते लांब केलं की स्प्रिंग आधीपासूनच जास्त दाबलेली राहते आणि गाडी उंच उभी राहते. यानेच स्प्रिंग कडक होते असा पुष्कळांचा समज आहे, माझाही होता. ती कडक होत नाही. एक मिलिमीटर दाबायला जेवढे किलो आधी लागत होते तेवढेच नंतरही लागतात.

अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, “म्हणजे पाटा वाढवला नाहीस. नुसता खाली लाकडाचा ठोकळा घातलास.”

यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मी कुठेही ऐकलेलं नाही. मला पाटा वाढवायचा होता.

पर्याय बरेच होते. नव्या पिढीतल्या गाड्यांना उलटे शॉकअप येतात, जाड नळी वर आणि बारीक खाली. जाड नळी टीमध्ये, म्हणजे हँडलखाली दोन्ही नळ्या धरणाऱ्या पट्टीत, पकडली जात असल्याने पुढचा भाग वाकत नाही. दुसऱ्या गाडीचा तसा पूर्ण चिमटा, म्हणजे दोन्ही नळ्या टीसकट, बसवून घेणारे लोक आहेत. मी तो विचार केला आणि सोडला. नळ्यांची लांबी, टीचा कोन, ब्रेकची जागा, एबीएसचा सेन्सर, ॲक्सलची जाडी, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. एक मोजमाप चुकलं तर गाडी सरळ रस्त्यावर हँडल हलवते. दिसायला तो बदल मोठा दिसतो, हे खरं. पण माझं दुखणं नळीच्या आत होतं, आणि ते आतच बरं व्हावं असं मला वाटत होतं. आणि ज्यांनी अजून शॉकअपचं तेलही बदललेलं नाही त्यांनी आधी तेल, सील, टायरची हवा आणि हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बघावा. कोनसेट ढिला असेल तर महागातला शॉकअपही खडखडतच राहतो.

तेलातून धक्का जिरवायची ही युक्ती तशी जुनी. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर-१२ला तेलाने झोके आवरणारा दुर्बिणीसारखा शॉकअप बसवला. कारखान्यातून विक्रीला आलेल्या मोटारसायकलींत तो पहिला. १९८०च्या आर-८० जी/एसपासून, म्हणजे मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांच्या सुरुवातीपासून, हे सगळं मातीत आणि वाळूत उतरलं. पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या गाडीवर ह्युबर्ट ओरिओल पॅरिस–डकार शर्यत जिंकला. आज डकारच्या गाड्यांना तीनशे मिलिमीटर ट्रॅव्हल असतं. पण भोकातून तेल ढकलायचं हे मूळ तत्त्व नव्वद वर्षांत बदललेलं नाही. बदलली ती भोकं, म्हणजे ती केव्हा आणि किती उघडायची याची समज.

तीच समज माझ्या गाडीत घालणारी वस्तू मुठीत मावते. तिला कार्ट्रिज इम्युलेटर म्हणतात. आमचा मेकॅनिक नुसतं व्हॉल्व्ह म्हणतो. पितळी रंगाची चकती, तिच्यावर एक छोटी स्प्रिंग आणि मधे बोल्ट. दांड्याच्या डोक्यावर ती बसते आणि मोठी स्प्रिंग तिला वरून दाबून धरते. सावकाश हालचालीत ती तेलाला अडवते, म्हणून ब्रेकवर गाडी बसत नाही. धक्का जोराचा आला की तिची छोटी स्प्रिंग दबते, चकती उघडते आणि तेलाला मोठी वाट मिळते. बोल्ट किती फेरे घट्ट करायचा यावर ती कुठल्या धक्क्याला उघडेल ते ठरतं.

गोडोलीतल्या एका मेकॅनिकने हे काम घेतलं. तरुण मुलगा, बोलणं कमी. मी जड स्प्रिंगची जोडी, दोन व्हॉल्व्ह, नवी सील आणि तेल घेऊन गेलो. अण्णाही आले, न सांगता. पायात चपला, हातात टेप.

नळी टीमधून सुटायच्या आधीच त्याने वरचं झाकण एक आटा ढिलं केलं. नळी बाहेर आल्यावर ती धरायला काही राहत नाही, म्हणून. मग चाक, ब्रेक, मडगार्ड, रबरी बूट. पहिली नळी उलटी करून त्याने टबात तेल ओतलं. रंग शिशासारखा करडा, आणि उन्हात धरलं की त्यात बारीक चमक. नळीच्या आतले बुश आणि ॲल्युमिनियम झिजून त्यात उतरलेलं. वास सडलेल्या मासळीचा. जाड तेल घालून जेमतेम आठ महिने झाले होते. आधीचं तेल पूर्ण निघालंच नव्हतं, त्याच्यावरच नवं ओतलं गेलं होतं. अण्णांनी बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि काही न बोलता चिंधीला पुसलं.

जुनी स्प्रिंग आणि तिच्या शेजारी नवी. नव्या स्प्रिंगची तार जाड, वेटोळी कमी. आता दांड्याची पाळी. व्हॉल्व्ह बसवायचा तर दांड्याची खालची भोकं मोठी करावी लागतात, म्हणजे तिथे तेल अडत नाही आणि अडवायचं काम व्हॉल्व्हकडे जातं. मेकॅनिकने ड्रिल लावलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

“मोजून कर रे लेका,” अण्णा म्हणाले.

“मोजलंय काका.” त्याने भोकांच्या कडा आतून-बाहेरून कानसने घासल्या, पेट्रोलने धुतल्या, हवा मारली आणि दांडा अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी करंगळीचं नख प्रत्येक भोकाच्या कडेवरून फिरवलं. एक भोक त्यांनी परत दिलं. त्याने ते पुन्हा घासलं.

तेल भरताना मात्र मी शिकलो. मला वाटायचं, ठरलेले मिलिलिटर ओतले की झालं. तो मापाच्या भांड्यावर थांबला नाही. नळी पूर्ण दाबलेली, स्प्रिंग बाहेर, त्याने थोडं जास्तच तेल ओतलं आणि हवेचे बुडबुडे जाईपर्यंत दांडा वर-खाली केला. मग एका इंजेक्शनच्या सिरिंजला बारीक नळी आणि पट्टी लावून, वरच्या काठापासून ठरलेल्या खोलीपर्यंत तेल ओढून काढलं. तेलाच्या वर उरलेली हवाही स्प्रिंगच असते. नळी दबत गेली की हवा आकसते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम कडक होते. जागा पाच-दहा मिलिमीटर कमी-जास्त केली की शेवटचा धक्का बदलतो. दोन्ही नळ्यांत ती सारखी हवी. व्हॉल्व्हची जाडी धरून वरचं नळकांडंही तेवढंच कापावं लागलं. नवी सील त्याने पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ठोकून बसवली, गोल फिरत, हलक्या हाताने. ठोक्याचा आवाज बद्द होता. सील पूर्ण बसलं तसा तो टणक झाला. अण्णा आणि तो, दोघांनीही एकाच ठोक्याला मान हलवली.

खर्च टायरच्या नव्या जोडीपेक्षा थोडा जास्त आला.

घरी आल्यावर पुन्हा टेप. बायको मागे, मी वर, अण्णा खाली. त्रेसष्ट. पुढची उंची वाढली म्हणून मागच्या शॉकअपचा प्रीलोड दोन घर वाढवला, नाहीतर गाडी वळायला आळस करते.

डाव्या नळीवरचा रबरी बूट मात्र सेटिंग पुरं होईपर्यंत काढूनच ठेवला. उघड्या चकचकीत नळीवर मी एक काळी टाय बांधली, प्लास्टिकची, वायरी बांधतात ती. घट्ट नाही, सरकेल इतपत. निघताना ती खाली सीलला टेकवायची. चाक जेवढं वर येईल तेवढी सील तिला वर ढकलते आणि ती तिथेच राहते. सगळ्यात मोठा धक्का कुठपर्यंत गेला त्याची ती खूण. स्प्रिंग बाहेर असताना नळी पूर्ण दाबून हँडलच्या टीपासून सीलपर्यंतचं अंतर आम्ही मोजून ठेवलं होतं. त्यावरून अजून किती जागा शिल्लक होती ते कळतं.

पहिल्यांदा कासला जाऊन आलो तेव्हा टायच्या वर सत्तर मिलिमीटर शिल्लक होते. म्हणजे व्हॉल्व्ह फार घट्ट. दोनशेतले एकशेतीसच वापरले, बाकी वाया. अर्धा फेरा ढिला केला. ते करायला पुन्हा झाकण उघडून स्प्रिंग काढावी लागते, लांब चुंबकाने व्हॉल्व्ह बाहेर ओढावा लागतो. पुन्हा बामणोली. बावन्न. आणखी पाव फेरा. हे महिनाभर चाललं. दर वेळी मी जिना चढायच्या आत अण्णा खाली आलेले असायचे.

“किती राहिलं?”

सांगायला हवं की सगळं फायद्याचंच झालं असं नाही. सामानाशिवाय, कॅन काढून शहरात फिरताना सिमेंटच्या रस्त्याचे सांधे आता हाताला जास्त कळतात. जड स्प्रिंग भारासाठी घातली आहे, भार नसला की ती बोलते. मला ते चालतं. मी वर्षभर मऊपणालाच आराम समजत होतो. आता गाडी मला रस्त्याची जेवढी खबर देते तेवढी आधी कधी देत नव्हती, आणि मनगटं दुखत नाहीत.

गेल्या रविवारी पुरं सामान लादून आंबेनळी उतरलो. प्रतापगडाच्या फाट्यापाशी, वाडा कुंभरोशीजवळ, मुद्दाम नेहमीपेक्षा उशिरा ब्रेक लावला. गाडी खाली गेली, पण पायरी उतरावी तशी, आणि एका जागी थांबली. पुढचं चाक कुठे आहे ते हाताला कळत होतं. ब्रेक सोडला, उसळी नाही. वळणात मी हँडलकडे बघितलंच नाही, वळणाच्या शेवटाकडे बघत होतो. त्यापुढे रस्ता कापून आडवा चर काढलेला आहे, त्यात चाक जोरात गेलं. धप्प असा एक आवाज, दगडाचा नाही, गादीवर पोतं टाकल्याचा.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. अण्णा बॅटरी घेऊन खाली आले. मांडीवर हात टेकवत हळूहळू उकिडवे बसले, नळीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि टेप लावली.

“किती राहिलं?” या वेळी मीच विचारलं.

“अठ्ठावीस.” त्यांनी बॅटरी टायवरच धरून ठेवली. “एवढं कुठे लागलं?”

“कुंभरोशीच्या पुढे. चर आहे.”

“मोरीच्या अलीकडे ना? डाव्या हाताला कडा आहे तिथे.”

“हो, तिथेच.”

“तिथे आमचे पाटे वाजायचे,” अण्णा म्हणाले आणि अंगठ्याने टाय खाली सरकवून पुन्हा सीलला टेकवली.